तटस्थाचा धर्म

मराठींत ‘तटस्थ’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. शेजारीं भांडण चाललें असतां जो आपली खिडकी लावून घेतो तो तटस्थ. दोन राष्ट्रांच्या युद्धांत जें तिसरें राष्ट्र दोघांनाहि माल विकतें तेंहि तटस्थ. आणि सुखदुःखांच्या पलीकडे गेलेला योगी, तोहि तटस्थच. भित्रा, व्यापारी आणि मुक्त पुरुष असे तिघे एकाच शब्दाच्या छपराखालीं नांदतात, हें त्या शब्दाचें भाग्य म्हणावें कीं दुर्दैव, हें सांगणें कठीण आहे. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदीं साधा आहे. जो तटावर उभा आहे तो तटस्थ. पाण्यांत काय चाललें आहे हें त्याला दिसतें. पाणी त्याच्या अंगाला लागत नाहीं. अशा माणसाला कांहीं धर्म आहे काय, आणि असल्यास तो कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं मीं जें उदाहरण घेतलें आहे तें शब्दशः एका नदीच्या तटावरचें आहे, आणि तें पाहण्यासाठीं वाचकाला आपलें घर सोडण्याचेंहि कारण नाहीं.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का हें राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांत कॅटमाय नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. १९१२ सालीं तेथें नोवारुप्ता या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्या स्फोटानें पालटून गेलेल्या प्रदेशाचें रक्षण व्हावें म्हणून १९१८ सालीं तो भाग सरकारी संरक्षणाखालीं घेण्यांत आला, आणि १९८० सालीं त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या उद्यानांत ब्रुक्स नांवाची एक नदी आहे. नदी कसली, दोन सरोवरांना जोडणारा अवघ्या दीड मैलाचा प्रवाहच तो! त्याच्या वाटेंत सुमारें ६ फूट उंचीचा एक धबधबा आहे. जूनच्या अखेरीपासून सॉकाय जातीचे सॅमन मासे समुद्र सोडून या प्रवाहांत शिरतात. ज्या गोड्या पाण्यांत आपण जन्मलों तेथेंच अंडीं घालावयाचीं हा त्यांचा कुलाचार आहे, आणि जन्माचें पाणी ते वासावरून ओळखतात असें शास्त्रज्ञ सांगतात. परत येऊन अंडीं घातलीं कीं थोड्याच दिवसांत ते मरतात. म्हणजे हा प्रवास परतीचा खरा, पण त्यापुढें पुन्हां परतणें नाहीं. वाटेंत धबधबा आडवा येतो. तो ओलांडावयाचा तर उडी मारावी लागते. आणि धबधब्याच्या माथ्यावर तपकिरी अस्वलें जबडा उघडून उभीं असतात.

अस्वलांची गरजहि माशांइतकीच निकडीची असते. हिंवाळ्याचे कित्येक महिने तीं बिळांत निजून काढतात. त्या काळांत अन्न नाहीं, पाणी नाहीं, आणि शरीराचें वजन एकतृतीयांशापर्यंत उतरतें. याच निद्रेच्या काळांत माद्या पिल्लांना जन्म देतात व आपल्या चरबीचें दूध करून त्यांना पाजतात. म्हणून उन्हाळ्यांत खावें तितकें थोडेंच. मासे विपुल असले म्हणजे एखादें मोठें अस्वल दिवसाला ३० हून अधिक मासे खातें. आणि पोट भरत आलें कीं कातडी, मेंदू व अंडीं एवढाच स्निग्ध भाग खाऊन उरलेला मासा पाण्यांत टाकून देतें. शरदाच्या सुमारास मोठ्या नराचें वजन ४५० किलोंच्याहि वर जातें.

२०१२ सालापासून या नदीच्या कांठीं कॅमेरे बसविलेले आहेत. अ‍ॅनेनबर्ग प्रतिष्ठानाच्या ‘एक्सप्लोअर’ या शाखेनें ते चालविले आहेत, आणि नदीवर त्या क्षणीं जें घडत असेल तें इंटरनेटवरून जगांत कोठेंहि फुकट पाहतां येतें. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हां तेथें त्याच दिवसाची सकाळ असते, साडेसातची. त्यामुळें पुण्यामुंबईच्या एखाद्या घरांत जेवणें आटोपून मंडळी बैठकींत येऊन बसली असतां, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास नुकतेंच उजाडलेलें असतें, धबधब्यावर धुकें असतें, आणि एक अवाढव्य प्राणी पाण्यांत पाय रोवून स्तब्ध उभा असतो. आजोबा आणि नातू हे दोघेहि सारख्याच तन्मयतेनें पाहतील असें दृश्य आजकाल दुर्मिळ आहे; हें तसें आहे.

या पाहण्यांत सुख कशाचें आहे, हा पहिला प्रश्न. लुक्रीशियस या रोमन कवीनें आपल्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभींच तटस्थाच्या सुखाची मीमांसा केली आहे. दुसऱ्याचें तारूं वादळांत सांपडलेलें किनाऱ्यावरून पाहतांना माणसाला जें बरें वाटतें, तें दुसऱ्याच्या संकटामुळें नव्हे, आपण त्या संकटांत नाहीं या जाणिवेमुळें, असा त्याचा अभिप्राय आहे. हें निदान मार्मिक आहे, परंतु आपल्या उदाहरणास तें पुरतेपणीं लागू पडत नाहीं. अस्वल पाहणारा मनुष्य ‘मी मासा नाहीं हें किती बरें!’ असें म्हणत बसत नाहीं. किंबहुना तो स्वतःविषयीं कांहींच म्हणत नाहीं, आणि तेंच त्याच्या सुखाचें बीज आहे. दिवसभर आपल्याभोंवतीं ज्या वस्तु असतात त्या सर्व आपणांकडे कांहींना कांहीं मागत असतात. जाहिरात पैसे मागते, वर्तमानपत्र मत मागतें, स्नेही सहानुभूति मागतो. अस्वल कांहीं मागत नाहीं. आपण पाहत आहों हें त्याला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक झालें तरी त्याची त्याला पर्वा असण्याचें कारण नाहीं. ज्या जगांत आपली कोणालाहि गरज नाहीं तें जग घटकाभर पाहणें ही थकलेल्या मनाची मोठी विश्रांति आहे.

त्यांतहि शिकण्यासारखें पुष्कळ असतें. ४८० क्रमांकाचा एक नर या नदीवर २००१ सालापासून ओळखला जात असे. उद्यानाचे अधिकारी अस्वलांना क्रमांकच देतात. पण माणसाची जीभ क्रमांकावर थांबत नाहीं, म्हणून लोक त्याला ओटिस म्हणत. म्हातारपणीं त्याचे दांत पडले होते व झिजले होते. तरणे नर मोक्याच्या जागांसाठीं झुंजत असत तेव्हां हा आपल्या ठरलेल्या डोहांत बसून राही. धांवपळ नाहीं, गुरगुर नाहीं. मासा जवळ आला कीं मान वांकवावयाची आणि उचलावयाचा. हिंवाळ्यापूर्वीं सर्वांत उत्तम कोण पुष्ट झालें हें लोकांनीं मतें देऊन ठरवावें असा एक खेळ २०१४ पासून तेथें दर शरदांत होतो. त्यांत ओटिस चार वेळां पहिला आला. २०२४ च्या उन्हाळ्यांत तो नदीवर आला नाहीं. तो कोठें मेला, कसा मेला, हें कोणीं पाहिलें नाहीं, आणि अस्वलाच्या दृष्टीनें हें मरण सन्मानाचेंच म्हणावें लागेल.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु जो तटावर उभा राहिला त्याला कधींना कधीं असें कांहीं दिसतेंच कीं, उभें राहणें अशक्य व्हावें. २०२४ च्या जुलै महिन्यांत १२८ क्रमांकाच्या, ग्रेझर नांवाच्या मादीचीं पिल्लें प्रवाहाच्या ओढीनें धबधब्यावरून खालीं वाहून गेलीं. खालीं ३२ क्रमांकाचा, चंक नांवाचा मोठा नर उभा होता. त्यानें हल्ला केला. आई त्याच्यापेक्षां लहान असतांहि त्याच्यावर तुटून पडली. परंतु तिच्या पिल्लांपैकीं एक जखमांनीं मेलें. त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं सकाळीं ४६९ क्रमांकाच्या नरानें ४०२ क्रमांकाच्या एका मादीला नदींत गांठलें, आणि दीर्घ झटापटीअंतीं ती मेली. हीं दोन्हीं मरणें कॅमेऱ्यापुढें घडलीं, आणि जगभरचीं माणसें आपापल्या घरांतून तीं पाहत होतीं. मतदानाच्या खेळांतील अस्वलांचीं नांवें त्या ३० तारखेस जाहीर व्हावयाचीं होतीं. ती घोषणा पुढें ढकलण्यांत आली.

अशा वेळीं पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न उठतो तो हा कीं, कोणी कांहीं करीत कां नाहीं? तेथें रक्षक आहेत, त्यांच्यापाशीं साधनें आहेत. मग एका जिवाला दुसऱ्याच्या तावडींतून सोडविणें हें त्यांचें कर्तव्य नाहीं काय? उद्यानाचा नियम असा आहे कीं, वन्य प्राण्यांच्या आपापसांतील व्यवहारांत हात घालावयाचा नाहीं. हा नियम प्रथम ऐकतांना निर्दय वाटतो. परंतु ‘सोडवा’ म्हणणाऱ्यानें आपल्याच आक्रोशाकडे जरा निरखून पाहावें. त्याच पडद्यावर, त्याच उन्हाळ्यांत, असंख्य मासे जिवंतपणीं फाडले गेले. ते मासेहि मातृत्वाच्याच वाटेवर होते. त्यांच्या पोटांतहि अंडीं होतीं. त्यांच्यासाठीं कोणाच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं. अस्वलानें मासा पकडला तेव्हां आपण टाळी वाजविली, आणि अस्वलानें अस्वल मारलें तेव्हां आपण न्याय मागूं लागलों. आपली करुणा खोटी होती असें मी म्हणत नाहीं. ती खरीच होती. पण ती नांवाच्या मागून चालते. ज्याला आपण नांव दिलें, ज्याचा चेहरा ओळखूं लागलों, त्याच्यापुरती ती पोंचते व तेथेंच थांबते. अशा करुणेच्या हातीं नदीचा कारभार दिला तर ती माशांना वांचवील कीं अस्वलांना, आणि अस्वलांतहि कोणाला? नराला मासा पकडूं द्यावयाचा आणि पिल्लूं मारूं द्यावयाचें नाहीं, असा कायदा त्या पाण्यांत कोण चालविणार?

निसर्गाचें अनुकरण हा नीतीचा पाया होऊं शकत नाहीं, असें जॉन स्टुअर्ट मिल यानें आपल्या ‘निसर्ग’ या निबंधांत प्रतिपादलें. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८९३ सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत हक्सलेनें तोच विचार पुढें नेला, आणि समाजाची नैतिक प्रगति विश्वाच्या क्रमाशीं झगडण्यांत आहे असें सांगितलें. हें दोघांचेंहि म्हणणें मला मान्य आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. निसर्ग जर आपला गुरु नाहीं, तर तो आपला आरोपीहि नाहीं. ज्याला निवड करतां येत नाहीं त्याच्यावर खटला चालत नाहीं. ४६९ क्रमांकाचा नर खुनी नाहीं, कारण खून करण्यासाठीं खून न करण्याची शक्ति अंगीं असावी लागते.

आणि आपले निवाडे किती टिकाऊ असतात हेंहि याच नदीवर दिसून आलें. २०२४ च्या शरदांतील मतदानांत अंतिम सामना नेमका ग्रेझर आणि चंक यांच्यांतच पडला. लोकांनीं पुत्रशोकिणी मातेला मोठ्या मताधिक्यानें विजयी केलें; जणूं काय मतपेटींतून न्याय झाला! पुढच्या वर्षीं हाच चंक मोडका जबडा घेऊन नदीवर वावरतांना दिसला. बहुधा दुसऱ्या एखाद्या नराशीं झालेल्या झुंजींत तो मोडला असावा. तशाहि स्थितींत त्यानें मासे मिळविले, अंग धरलें, आणि २०२५ च्या मतदानांत लोकांनीं त्यालाच पहिलें केलें. एका वर्षाचा राक्षस दुसऱ्या वर्षाचा वीर ठरला. अस्वल मात्र दोन्हीं वर्षीं तेंच होतें. ४०२ क्रमांकाच्या मादीची कथाहि अशीच आहे. दहा वर्षांपूर्वीं, २०१४ सालीं, तिचें एक वर्षाचें पिल्लूं तिच्यापासून सुटून एकाकी पडलें होतें, आणि होली नांवाच्या दुसऱ्या मादीनें स्वतःच्या पिल्लाबरोबर त्याला संभाळलें. त्या वेळीं पाहणाऱ्यांस होलीचें कौतुक वाटलें असेल आणि ४०२ चा रागहि आला असेल. दहा वर्षांनीं तीच ४०२ नदींत मेली तेव्हां तिच्यासाठीं जीव कळवळला. कुमाता, सुमाता, दुष्ट, बिचारी, हीं विशेषणें आपण तटावरून पाण्यांत फेंकतों. पाणी तीं वाहून नेतें.

येथें कोणी म्हणेल कीं, अशा कोरड्या तटस्थतेपेक्षां पाण्यांत उतरणारें वेडें प्रेम बरें. तसेंहि एकानें करून पाहिलें आहे. टिमथी ट्रेडवेल हा गृहस्थ याच कॅटमायच्या समुद्रकांठीं सलग १३ उन्हाळे अस्वलांच्या सान्निध्यांत राहिला. तो त्यांना नांवें ठेवी, त्यांच्याशीं बोले, आपण त्यांचे रक्षणकर्ते आहों असें मानी. २००३ च्या ऑक्टोबरांत एका अस्वलानें त्याला व त्याच्या सोबतिणीला ठार केलें; आणि त्यांचे मृतदेह आणण्यास गेलेल्या माणसांना अस्वलांवर गोळ्या झाडाव्या लागल्या. त्याच्या प्रेमाविषयीं मला शंका नाहीं. परंतु ज्यांच्या रक्षणासाठीं तो गेला त्यांच्याच मृत्यूस त्याचें सान्निध्य कारण झालें, हें विसरतां येत नाहीं. प्रेम करणाऱ्यालाहि एक अंतर राखावें लागतें. आणि वन्य जिवाच्या बाबतींत तें अंतर हाच प्रेमाचा मुख्य भाग असतो.

एवढ्यावरून जर कोणी असा सिद्धांत काढील कीं, पाहावें आणि स्वस्थ बसावें हाच शहाणपणा, तर त्याला त्याच कॅमेऱ्यांनीं उत्तर दिलें आहे. नदीजवळ डम्पलिंग नांवाचा एक डोंगर आहे. त्याच्यावरहि एक कॅमेरा आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत एके दिवशीं त्या कॅमेऱ्यापुढें, वाऱ्यापावसांत भिजलेला एक वाटसरू आला आणि मदत हवी असल्याच्या खुणा करूं लागला. धुक्यांत तो वाट चुकला होता. त्या वेळीं तो निर्जन देखावा पाहत बसलेलीं कांहीं थोडीं माणसें जगाच्या निरनिराळ्या भागांत होतीं. त्यांनीं लागलीच कळविलें, रक्षक डोंगरावर गेले, आणि तो मनुष्य सुखरूप खालीं आला. तेच डोळे, तोच पडदा, तेंच उद्यान! नदीवरील मादीच्या बाबतींत स्वस्थ बसणें हा नियम होता. डोंगरावरील माणसाच्या बाबतींत स्वस्थ बसणें हें पाप झालें असतें. तेव्हां तटस्थता हा स्वयंभू सद्गुण नाहीं. कोणाच्या बाबतींत, कोणत्या प्रसंगीं, आणि हात पोंचत असतां कीं नसतां, यावरून तिची किंमत ठरते.

ही गोष्ट आपल्या समाजाला विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे साक्षित्वाला फार मोठें स्थान आहे. सांख्यांचा पुरुष हा केवळ द्रष्टा आहे. प्रकृति नाचते आणि तो पाहतो. उपनिषदांतल्या एका वृक्षावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो, आणि श्रेष्ठत्व पाहणाऱ्याकडे आहे. हें तत्त्वज्ञान आत्म्याविषयीं आहे; तें रस्त्यावर पडलेल्या माणसाविषयीं नाहीं. परंतु उंच तत्त्वज्ञानाच्या आडोशाला बसण्याची सोय आळसाला नेहमींच सांपडते. कौरवांच्या सभेंत द्रौपदीची विटंबना चालली असतां भीष्मद्रोणांसारखे वडील तटावरच उभे होते. धर्माची गति सूक्ष्म आहे, असें म्हणून भीष्मांनीं प्रश्न टाळला. त्या सभेंत विदुर बोलला, आणि ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण बोलला. भीष्मांच्या ज्ञानापुढें विकर्णाचें ज्ञान तें काय? पण समोर माणूस आहे, आणि आपला आवाज तेथवर पोंचतो, एवढें त्याला कळलें, आणि तेवढें पुरेसें होतें.

आज ज्या पडद्यावर आपण अस्वलें पाहतों त्याच पडद्यावर, बोटाच्या एका हालचालीनें, युद्धांत पडलेलीं घरें आणि उपाशी मुलेंहि दिसतात. पाहण्याची रीत तीच, खुर्ची तीच, हातांतला चहाचा पेलाहि तोच. अस्वलांपुढें हात बांधून बसण्याची जी संवय लागते, ती नकळत माणसांच्या दुःखापुढेंहि चालू राहील, हा खरा धोका आहे. नदीवरचा मृत्यु पाहून ‘निसर्गाचा नियमच आहे’ म्हणणारा मनुष्य कांहीं दिवसांनीं दुष्काळाकडे पाहूनहि तेंच म्हणेल, आणि आपण विवेकाचें बोलत आहों असें त्याला वाटेल. दुष्काळांत मात्र माणसाचा हात असतो. धान्याच्या कोठाराची किल्ली कोणा माणसाच्याच कमरेला असते. जेथें निवड आहे तेथें साक्षी राहणें म्हणजेहि एक निवड करणेंच होय.

परंतु अस्वल आणि वाटसरू या दोन उदाहरणांनींहि विषय संपत नाहीं. तिसरें एक क्षेत्र आहे. तेथें आपला हात पोंचतो, पण आपल्याला तो दिसत नाहीं. आणि माझ्या मतें तटस्थाचा मुख्य धर्म तेथेंच आहे. धबधब्याशीं जी निसर्गाची स्वयंपूर्ण लीला दिसते ती वाटते तितकी स्वयंपूर्ण नाहीं. हे मासे ज्या ब्रिस्टल उपसागरांतून येतात तेथें सॉकाय सॅमनची जगांतील सर्वांत मोठी मासेमारी चालते. नद्यांच्या मुखाशीं जाळीं टाकून बसलेले कोळी मनांत आणतील तर धबधब्यापर्यंत फारच थोडे मासे पोंचतील. ते पोंचतात, याचें कारण असें कीं, वर जाणारे मासे मोजले जातात, आणि अंडीं घालण्यास पुरेसे मासे नदींत चढावेत अशा बेतानें अलास्काचें सरकार मासेमारी केव्हां चालावी व केव्हां थांबावी हें ठरवितें. म्हणजे वरच्या अंगास जी तटस्थता आहे ती खालच्या अंगास माणसांनीं पाळलेल्या संयमावर उभी आहे. जेथें असा संयम सुटला तेथें काय होतें हेंहि दूर जाऊन पाहावयास नको. त्याच खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदीवर ग्रँड कूली हें प्रचंड धरण १९४२ सालीं पुरें झालें. त्यांत माशांना वर जाण्यास वाटच ठेविली नव्हती. वरच्या शेंकडो मैलांच्या पाण्यांत सॅमन येणें बंद झालें, आणि पिढ्यान् पिढ्या त्या माशांवर जगणाऱ्या तेथील मूळ रहिवाशांच्या चुलींतून तें अन्न नाहींसें झालें. त्या ठिकाणीं आज कितीहि कॅमेरे बसविले तरी पाहण्यास काय उरलें आहे?

चांगल्या हेतूनें केलेली ढवळाढवळहि येथें नमूद केली पाहिजे. ब्रुक्सच्या याच धबधब्याच्या बाजूस, माशांना वर चढणें सोपें जावें म्हणून, विसाव्या शतकाच्या मध्यास एक शिडी बांधण्यांत आली होती. मासे तिच्यापूर्वीं युगानुयुगें उड्या मारून जातच होते. पुढें ती शिडी बंद करण्यांत आली. ज्याला मदत नको आहे त्याला मदत करण्याची हौस आणि ज्याची वाट आपणच अडविली आहे त्याच्याकडे पाठ फिरविण्याचा निर्धास्तपणा, हे दोन्हीं दोष एकाच समाजांत, एकाच काळीं नांदूं शकतात.

ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या दुसऱ्या कांहीं नद्यांच्या उगमाशीं तांबें व सोनें काढण्याची एक विस्तीर्ण खाण खोदण्याची योजना पुष्कळ वर्षें चर्चेंत आहे; पेबल या नांवानें ती ओळखली जाते. २०२३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें, माशांच्या पाण्याचा विचार करून, तिला प्रतिबंध करणारा निर्णय दिला, आणि त्यानंतर तो वाद न्यायालयांत गेला. अशा निर्णयांच्या बाजूनें जनमत उभें राहण्यास जी माणसें लागतात, त्यांतलीं कांहीं या कॅमेऱ्यांनीं घडविलीं असणें अगदीं संभवनीय आहे. कारण जें आपण कधीं पाहिलेंच नाहीं त्याच्यासाठीं भांडण्यास मनुष्य सहसा उठत नाहीं. नांवामागून चालणारी करुणा कोती असते हें वर म्हटलें. तिचा उपयोगहि येथेंच आहे. ओटिस या एका म्हाताऱ्या अस्वलावर जडलेला जीव, त्याच्या डोहापर्यंत, डोहांतील माशांपर्यंत, माशांच्या समुद्रापर्यंत आणि त्या समुद्राला तापविणाऱ्या आपल्या धुरापर्यंत वाढत गेला, तर नांव ठेवण्याचा तो बालिशपणा सत्कारणीं लागला असें होईल. वाढला नाहीं, तर ती केवळ करमणूक.

तटस्थाचा धर्म असा तीन प्रकारचा आहे असें मला वाटतें. जेथें जीव आपल्या स्वभावानें जगत व मरत आहेत, आणि तेथें आपला हात म्हणजे केवळ आणखी एक उपद्रव होणार आहे, तेथें हात आंवरावा, डोळे मात्र मिटूं नयेत. चांगलें तेवढें पाहावयाचें व भयंकर दिसलें कीं पडदा बंद करावयाचा, ही तटस्थता नव्हे, हौस आहे. जेथें समोर माणूस आहे आणि आपला शब्द त्याच्यापर्यंत पोंचतो, तेथें तट सोडावा. मग आपलें ज्ञान भीष्मांएवढें नसलें तरी चालेल. आणि जेथें आपल्याच सुखसोयींचा भार नदीच्या मुखाशीं, खाणीच्या तोंडाशीं, समुद्राच्या पाण्यावर पडतो आहे, तेथें तट राखावा. तट राहिला तरच त्याच्यावर कोणाला उभें राहतां येईल.

यांतला तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यांत पाहण्यासारखें कांहींच नसतें. शरद सरतो, अस्वलें डोंगरांतील बिळांत जातात, नदीवर प्रेक्षकांना पाहण्याजोगें कांहीं राहत नाहीं, आणि मतदानाचा गलबला केव्हांच ओसरलेला असतो. त्या दिवसांत वाळूखालीं माशांचीं अंडीं थंड पाण्यांत हळूहळू पोसत असतात, आणि त्या पाण्याचें पुढें काय व्हावयाचें हें दूरच्या कचेऱ्यांतून, बाजारांतून व आपल्या घरांतून ठरत असतें. उन्हाळ्यांत ज्यानें त्या नदीकडे पाहून आनंद घेतला, त्याचें कर्ज फेडावयाचे दिवस ते हेच.